शिवाजी पार्क : आधी मैदान, मग घरे

मुंबईत दादरच्या पश्चिमेला, समुद्रापासून दोन-तीन मिनिटांच्या चालीवर, सुमारे २८ एकरांचे मोकळे मैदान आहे. त्याच्या चारही अंगांनी रस्ता आहे. रस्त्याच्या कडेला रेन ट्री, गुलमोहर आणि मधूनमधून नारळ दिसतात, आणि झाडांच्या मागे गोलाकार गॅलऱ्यांची तीन-चार मजली जुनी घरे. मैदान मुंबई महापालिकेने १९२५ मध्ये खुले केले आणि वस्ती मुख्यतः त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत उभी राहिली. शहरांत सहसा याच्या उलट घडते. घरे दाटत जातात आणि शेवटी उरलेल्या तुकड्याला कुंपण घालून त्याला उद्यान म्हणतात. इथे मैदान आधी आखले गेले आणि घरांनी त्याच्याकडे तोंड केले. शिवाजी पार्कच्या पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक गोष्टी, तिथल्या सुखाच्या आणि भांडणाच्याही, या क्रमातून निघालेल्या आहेत.

त्याआधी हा भाग माहीमचा होता. माहीम हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. परंपरेने ते बिंबराजाच्या राजधानीचे ठिकाण मानले जाते. एकोणिसाव्या शतकात इथे माडांच्या वाड्या आणि भातखाचरे होती. भंडारी माडावर चढून माडी उतरवत आणि किनाऱ्यावर कोळ्यांची होडकी लागत. आगरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे त्यांच्या शेजारी नांदत होती. दादरच्या ज्या चर्चला आजही सगळे पोर्तुगीज चर्च म्हणतात, त्याची स्थापना १५९६ ची आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी होडीने ओलांडावी लागे. सरकार पूल बांधायला तयार होईना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी पैसे दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. त्याला जाऊन मिळणारा लेडी जमशेटजी रस्ता आज शिवाजी पार्कच्या वस्तीची पूर्वेकडची सीमा आहे. त्या काळी तो वाड्यांमधून जाणारा रस्ता होता. गिरगाव-भुलेश्वरच्या माणसाला दादर हे हवापालटाचे गाव वाटे.

हे चित्र प्लेगने बदलले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडू लागले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. वाढत्या बंदराच्या शहरात दहा वर्षांत माणसे कमी व्हावीत, ही गोष्ट सरकार आणि गिरणीमालक दोघांनाही हादरवणारी होती. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे तेव्हा पक्के ठाऊक नव्हते. दोष अंधाऱ्या, कोंदट खोल्यांना दिला जाई. निदान अर्धवट होते, पण त्यावरून काढलेला उपाय पुढे अनेक पिढ्यांच्या उपयोगी पडला, हा इतिहासातला एक चमत्कारिक योग.

१८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दोन मार्ग धरले. जुन्या शहरात दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढायचे, हा एक. उत्तरेला मोकळ्या जमिनी घेऊन नव्या वसाहती आखायच्या, हा दुसरा. पहिल्या मार्गाने घरे गेलेल्यांना नवी घरे पुरेशी मिळाली नाहीत, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती. दुसऱ्या मार्गातून १८९९-१९०० च्या सुमारास दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या भागांच्या योजना तयार झाल्या. एकट्या दादर-माटुंग्यात ६०,००० माणसे राहतील असा आराखडा होता. रेल्वेच्या पूर्वेला पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्स त्यातून आकाराला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी आपले ‘राजगृह’ याच हिंदू कॉलनीत बांधले.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घालून दिलेला नियम इथे सांगण्यासारखा आहे, कारण या उपनगरांतला उजेड त्या नियमातून आलेला आहे. दोन इमारतींमध्ये किती जागा सोडायची हे त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाने ठरवले. खोलीच्या बाहेर इतकी मोकळी जागा हवी, की भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर पाहिले तर समोरच्या इमारतीचे टोक आड येऊ नये. साध्या हिशेबात, समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्मे अंतर मोकळे असले पाहिजे. तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा मिळावा, हा त्यामागचा हेतू. १९११ च्या सुमारास मुंबईतल्या दर दहा माणसांतली जवळजवळ सात एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. त्या शहरात उजेडाला कायद्यात जागा मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

रेल्वेच्या पश्चिमेची, म्हणजे शिवाजी पार्कच्या बाजूची कथा थोडी वेगळी आहे. इथे १९१५ च्या बॉम्बे टाउन प्लॅनिंग कायद्याचा वापर झाला. ट्रस्ट जमीन सरळ संपादन करी. टाउन प्लॅनिंगमध्ये तसे नसे. एका टापूतल्या सगळ्या मालकांच्या वेड्यावाकड्या वाड्या आणि खाचरे कागदावर एकत्र केली जात. त्यांतून रस्ते, मैदाने आणि शाळांच्या जागा काढून घेतल्या जात, आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंड पाडून त्याच मालकांना परत दिली जाई. रस्ता आल्यामुळे जमिनीचे मोल वाढे आणि त्या वाढीचा काही भाग योजनेच्या खर्चासाठी वसूल होई. आजही या भागातल्या घरांच्या कागदपत्रांवर ‘टी.पी.एस. माहीम’ आणि त्यापुढे ‘एफ.पी. नंबर’ लिहिलेला असतो, तो याच फेरवाटणीतला भूखंड. ज्याची वाडी होती त्याला तिच्याऐवजी रस्त्यावरचा भूखंड मिळाला. त्याच वाडीत वर्षानुवर्षे माडी काढणाऱ्याला मात्र या हिशेबात भूखंड नव्हता. उपनगराच्या कौतुकात ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

या आखणीत मधोमध सोडलेल्या मोठ्या मैदानाला सुरुवातीला ‘माहीम पार्क’ म्हणत. नाव पालटले ते १९२७ मध्ये. शिवाजी महाराजांच्या जन्माची त्रिशताब्दी देशभर साजरी होत होती आणि महापालिकेतल्या सदस्य अवंतिकाबाई गोखले यांनी मैदानाला महाराजांचे नाव देण्यासाठी पुढाकार घेतला. अवंतिकाबाई परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या होत्या. चंपारणमध्ये गांधीजींबरोबर त्यांनी काम केले होते आणि १९१८ मध्ये गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले होते, त्याला टिळकांची प्रस्तावना आहे. स्त्रियांसाठी त्यांनी हिंद महिला समाज चालवला. नामकरणाच्या वर्षाबद्दल एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. तेव्हा महाराजांचे जन्मवर्ष १६२७ धरले जात होते, म्हणून त्रिशताब्दी १९२७ मध्ये आली. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानते. त्या हिशेबाने मैदानाचे बारसे तीन वर्षे लवकर झाले.

मैदानाच्या आसपासची वस्ती अजून विरळ होती, पण दादरचे सार्वजनिक जीवन तापलेले होते. भंडारी समाजातले नेते रावबहादूर सी. के. बोले दादरचे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव त्यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडून मंजूर करून घेतला होता. महाडच्या सत्याग्रहाला आधार मिळाला तो याच ठरावाचा. १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा यावरून मोठा वाद झाला. बोले, डॉ. आंबेडकर आणि प्रबोधनकार ठाकरे यांनी ती मागणी लावून धरली. त्याच वर्षी प्रबोधनकारांनी दादरमध्ये सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. म्हणजे शिवाजी पार्कचे शेजार पहिल्यापासून शांत, सुखवस्तू आणि एकजिनसी होते ही समजूत नंतरची आहे. सार्वजनिक जागेत कोणी यायचे आणि कोणी नाही, हा प्रश्न इथे घरांच्या भिंती उभ्या राहण्याआधीच विचारला गेला होता.

घरे आली ती मुख्यतः १९३० आणि १९४० च्या दशकांत. ती झपाट्याने आली याला दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली रेल्वे. जी.आय.पी.ची पहिली विजेची गाडी फेब्रुवारी १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला धावली आणि पश्चिमेच्या बी.बी.सी.आय. मार्गावर जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली वीज आली. दादरला दोन्ही मार्गांची स्थानके शेजारीशेजारी आहेत. फोर्टातल्या कचेरीत काम करणाऱ्या कारकुनाला गिरगावात राहण्याची सक्ती आता उरली नव्हती. दुसरी गोष्ट सिमेंट. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटमुळे जाड भिंती आणि सागवानी तुळयांची गरज संपली आणि गॅलरी भिंतीबाहेर काढून तिला हवी तशी गोलाई देता येऊ लागली. पश्चिमेकडून त्याच सुमारास आलेली आर्ट डेको शैली या नव्या मालाला शोभून दिसली. गोलाकार कोपरे, जहाजाच्या कठड्यासारखे लोखंडी रेलिंग, जिन्याच्या उभ्या खिडकीवर रंगीत काच, खिडक्यांवर सलग छज्जा आणि दर्शनी भागावर ठसठशीत अक्षरांत इमारतीचे नाव. मरीन ड्राइव्हवर हीच शैली श्रीमंती थाटात आहे. शिवाजी पार्कला ती मध्यमवर्गीयांच्या आटोपशीर मापात उतरली, आणि तिथेच ती जास्त सुखाची वाटते.

खरा बदल मात्र घराच्या आत झाला. गिरगाव-परळच्या चाळीत एक किंवा दोन खोल्या, समोर सामाईक गॅलरी आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांची शौचकूपे असत. नव्या ‘ब्लॉक’मध्ये दार लावले की घर पूर्ण झाले. स्वयंपाकघर, मोरीच्या जागी न्हाणीघर आणि शौचकूपही आतच. ही शेवटची गोष्ट मुळीच सहज पचली नाही. सोवळ्या-ओवळ्याची सवय असलेल्या पिढीला स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे संडास ही कल्पना शिसारी आणणारी होती. म्हणून तो घराच्या मागल्या टोकाला ठेवायचा आणि झाडूवाल्यासाठी मागून वेगळा लोखंडी गोल जिना काढायचा अशी तडजोड तेव्हाच्या अनेक इमारतींत झाली. मुंबईच्या जुन्या इमारतींमागे गंजलेले ते जिने कुठे कुठे अजून दिसतात. वरवर पाहता ती केवळ वास्तुरचना, पण जात त्या जिन्यावरून चढत होती.

इथे राहायला आलेली कुटुंबे बहुतेक मराठी. वकील, डॉक्टर, शिक्षक, सरकारी आणि बँकेतले नोकर, छापखानेवाले, नाटक-सिनेमातली माणसे. घरमालकाने चार मजले बांधायचे, एका मजल्यावर स्वतः राहायचे आणि बाकीचे भाड्याने द्यायचे, अशी सर्वसाधारण पद्धत होती. युद्धकाळात घरांची टंचाई झाली आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरू त्यामुळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात दुरुस्तीही होईना आणि पागडीचा व्यवहार रुजला. शिवाजी पार्कचे मराठीपण टिकले ते प्रेमामुळे, असे म्हटले जाते. गोठलेल्या भाड्याचाही त्यात मोठा वाटा आहे.

वस्तीबरोबर संस्था आल्या. शिवराम दत्तात्रेय उर्फ दादासाहेब रेगे यांनी १९४० मध्ये बालमोहन विद्यामंदिर सुरू केले. मैदानाच्या कडेला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाचे धडे पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली. शिवाजी पार्क जिमखाना, स्काउट हॉल, वनिता समाज, उद्यान गणेश मंदिर, बंगाल क्लब आणि त्याची दुर्गापूजा अशी भर पडत गेली. मैदानाभोवतीची बुटकी दगडी कड हा इथला कट्टा. आतली फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. पहाटे चालणारे, सकाळी पेपर वाचणारे पेन्शनर, संध्याकाळी कॉलेजची मुले आणि रात्री जेवणानंतर पाय मोकळे करायला आलेली कुटुंबे असा त्या कट्ट्याचा दिवस वाटलेला असतो. त्यावर बसायला भाडे लागत नाही की सभासदत्व, आणि अनेक नाटकांच्या व राजकीय पक्षांच्या कल्पना तिथे बसून रचल्या गेल्या असे सांगतात.

कडेला असे घरगुती जग वाढत असताना मैदान मात्र शहराचे आणि देशाचे होत होते. ‘छोडो भारत’ ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ च्या संध्याकाळी गांधीजींची सभा शिवाजी पार्कवर ठरली होती. पहाटेच त्यांना अटक झाली. तेव्हा सभेत आपण बोलू असे कस्तुरबांनी जाहीर केले आणि सभेला निघण्याच्या सुमारास त्यांनाही पकडण्यात आले. तरीही लोक जमले आणि पोलिसांनी त्यांना बळाने पांगवले. मैदानापासून जवळच ‘सावरकर सदन’ आहे. विनायक दामोदर सावरकर १९३८ पासून १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे राहिले आणि जून १९४० मध्ये सुभाषचंद्र बोस त्यांना भेटले ते याच घरात. इतक्या वेगळ्या वाटांची माणसे अर्ध्या मैलाच्या आत वावरत होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानाचा आवाज राज्यभर पोहोचला. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, शंभराहून अधिक माणसे या लढ्यात मारली गेली, आणि शिवाजी पार्कवरच्या सभांत आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी यांना ऐकायला गिरणगावातून कामगारांचे लोंढे येत. अत्र्यांची टवाळी आणि गर्जना ऐकत शेजारच्या गॅलऱ्यांत बसलेले श्रोते हे भाग्यवानच म्हणायचे. त्यांना तिकीट नव्हते आणि धक्काबुक्कीही नव्हती. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. साठच्या दशकात मैदानावर महाराजांचा अश्वारूढ पुतळा लोकवर्गणीतून बसला. त्याच्या हातात तलवार नाही, हात पुढे केलेला आहे.

बाळ ठाकरे रानडे रोडवरच्या घरात राहत असत. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना त्याच घरात झाली आणि पहिला जाहीर मेळावा ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर भरला. तेव्हापासून दसऱ्याचा मेळावा आणि हे मैदान यांची गाठ पडली. १९९५ मध्ये मनोहर जोशी आणि २०१९ मध्ये उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ इथेच घेतली. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांचे अंत्यसंस्कार याच मैदानावर झाले. स्मशान नसलेल्या जागी असा निरोप फार थोड्यांना मिळाला आहे.

मैदानावर सर्वांत मोठी गर्दी होते ती मात्र कोणत्याही पक्षाची नव्हे. डॉ. आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याआधी दोन महिनेही झाले नव्हते, १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली होती. दहनाच्या जागी उभारलेल्या चैत्यभूमीच्या स्तूपाचे उद्घाटन डिसेंबर १९७१ मध्ये मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. चैत्यभूमीची जागा लहान आहे. दरवर्षी येणारा जनसमुदाय तिथे मावत नाही, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिवाजी पार्क हाच त्यांचा मुक्काम होतो.

या गर्दीत विदर्भाचा वाटा मोठा. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस, पुसद, दारव्हा, वणी भागांतल्या माणसाला मुंबई काही जवळ नाही. यवतमाळहून मुख्य मार्गावर यायचे तर एसटीने धामणगाव किंवा बडनेरा गाठावे लागे, नाहीतर शकुंतला रेल्वेच्या नॅरोगेज डब्यात बसून मूर्तिजापूर. तिथून पुढे मुंबईची गाडी आणि तिच्यात पाय ठेवायला मिळेल तेवढी जागा. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, सोबत भाकरी-चटणी बांधून माणसे निघत. शिवाजी पार्कवर महापालिका मांडव, पाणी आणि फिरती शौचालये यांची सोय करते, कामगार संघटना आणि स्वयंसेवी मंडळे जेवण वाटतात, आणि मैदानाच्या मोठ्या भागावर पुस्तकांचे स्टॉल लागतात. बाबासाहेबांची भाषणे, बुद्धचरित्र, फुले-शाहूंचे वाङ्मय, चळवळीच्या पुस्तिका आणि गाण्यांच्या कॅसेटी. दोन-तीन दिवसांत इतकी पुस्तके विकली जाणारे दुसरे ठिकाण मराठीत शोधावे लागेल. अर्धपोटी आलेला माणूस परत जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातो, हे दृश्य ज्यांनी पाहिले नाही त्यांनी मराठी वाचक संपला असे लिहू नये.

शेजारच्या काही रहिवाशांना हे दिवस गैरसोयीचे वाटत आले. काही घरे त्या काळात कुलूप लावून गावी जात. दुसरीकडे जिन्याखाली पाण्याचे पिंप ठेवणारी, आलेल्यांना न्हाणीघर वापरू देणारी घरेही होती. दोन्ही नोंदी वस्तीच्या इतिहासात शेजारीशेजारी ठेवल्या पाहिजेत.

उरलेल्या दिवसांत मैदान क्रिकेटचे. विजय मांजरेकर, रमाकांत देसाई, अजित वाडेकर, संदीप पाटील, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी ही नावे या मातीशी जोडलेली आहेत. शिवाजी पार्क जिमखान्याचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, पण ते बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले आणि कसोटी संघाबाहेरच राहिले. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांचे नेट इथे वर्षानुवर्षे लागत. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे, फलंदाजाला बाद करील त्याला ते मिळेल आणि कोणालाच बाद करता आले नाही तर फलंदाजाला, ही त्यांची रीत. वांद्र्याहून रोजची ये-जा जड जाते म्हणून शालेय वयातला सचिन तेंडुलकर मैदानाजवळ काका-काकूंकडे राहायला आला आणि शारदाश्रम शाळेत दाखल झाला. इथे पुन्हा तीच गोष्ट दिसते. चालत गाठता येणारे मैदान आणि त्याच्या कडेला नात्यातले एखादे घर असल्याशिवाय अशी कारकीर्द घडणे अवघड होते. आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. जानेवारी २०१९ मध्ये ते गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये मैदानाच्या प्रवेशद्वाराजवळ त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

सभा आणि शांतता यांचा वाद शेवटी कोर्टात गेला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरांत शांतता क्षेत्र असते आणि तिथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलपेक्षा जास्त आवाज चालत नाही. मैदानाच्या कडेला शाळा आहेत. रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवले आणि ६ डिसेंबर, १ मे व २६ जानेवारी हे दिवस त्यातून वगळले. दसरा मेळाव्याला त्यानंतर वेळोवेळी वेगळी परवानगी लागली. पुढे राज्य सरकारने वर्षातले ४५ दिवस कार्यक्रमांसाठी ठरवून दिले. २०२२ मध्ये शिवसेनेच्या दोन गटांनी एकाच दसऱ्यासाठी मैदान मागितले, तेव्हा त्या वादाचा निवाडाही उच्च न्यायालयानेच उद्धव ठाकरे गटाच्या बाजूने दिला. रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती. पण ज्या घरांची किंमत समोरच्या सार्वजनिक मैदानामुळे वाढली, त्या घरांनी मैदान सार्वजनिक असल्याची तक्रार करावी यात विसंगती आहे, असे म्हणणारेही कमी नव्हते.

२०१२ मध्ये शहराच्या वारसा यादीच्या नव्या मसुद्यात या परिसराचा समावेश सुचवला गेला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत इथले रहिवासीच पुढे होते. वारशाचा शिक्का बसला तर पुनर्विकास अडेल, ही त्यांची भीती. ऐंशी वर्षांच्या काँक्रीटमधल्या सळ्या समुद्राच्या खाऱ्या हवेने फुगल्या होत्या, गॅलऱ्यांचे तुकडे पडत होते, लिफ्ट नव्हती आणि वर राहणारे म्हातारे झाले होते. बाहेरून हळहळणाऱ्यांना हे जिने चढावे लागत नाहीत. आतापर्यंत अनेक जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी खाली वाहनतळाचे मजले असलेले उंच मनोरे आले आहेत. ऑरसाहेबांचा कोन त्यांना लावला तर बरेच नापास होतील. नव्या घरांची विक्रीही ‘मैदानासमोर’ या एका शब्दावर होते.

मैदानाचे नाव २०२० मध्ये महापालिकेने ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असे केले. अलीकडच्या वर्षांत तिथला मुख्य प्रश्न धुळीचा आहे. खेळपट्ट्यांसाठी टाकलेली लाल माती हिवाळ्यात वाऱ्याबरोबर उडते आणि भोवतालच्या घरांत जाते. गवत लावणे, पाणी शिंपडणे, मातीचा वरचा थर काढणे असे उपाय महापालिकेने आळीपाळीने करून पाहिले आहेत. मे २०२५ पासून भुयारी मेट्रोची गाडी दादर आणि शीतलादेवी या स्थानकांवर थांबते, त्यामुळे मैदानापर्यंत येणाऱ्यांची वाट आणखी सोपी झाली आहे.